आरटीईत नंबर लागला तर घ्यावा का?

“आरटीईतून खासगी शाळा मिळाली तर घ्यावी, की जिल्हा परिषदेचीच बरी?” प्रवेशाचा हंगाम आला की हमखास विचारला जाणारा प्रश्न. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. फॉर्म जरूर भरा, पण शाळा निवडताना पहिलीपेक्षा नववीचा विचार करा.

२००९ च्या या कायद्यातल्या कलम १२(१)(सी) प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशस्तरावरच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक शाळा यातून वगळलेल्या आहेत. फी माफ असते ती आठवीपर्यंतच. नववीला तिथेच राहायचं तर पूर्ण फी आली, आणि इंग्रजीत आठ वर्षं काढलेल्या मुलाला तेव्हा मराठी माध्यमात आणणं फार जड जातं. म्हणून यादीत नाव टाकण्याआधी त्या शाळेची आजची नववीची फी विचारा. बस, सहली यांचा खर्चही आत्ताच विचारून ठेवा.

आता फॉर्म. नंबर लागूनही प्रवेश हुकतो तो बहुतेकदा पत्त्यावरून. नकाशावर घराची खूण चुकीच्या जागी पडली की शाळेचं अंतर बदलतं. प्राधान्य १ किलोमीटरच्या आतल्यांना, मग ३ पर्यंतच्यांना. पडताळणीत फरक दिसला की अर्ज बाद! तेव्हा खूण सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका, स्वतः बघा. भाड्याने राहत असाल तर करार नोंदणीकृत हवा, आणि फॉर्म भरण्याच्या आधीच्या तारखेचा. नोटरीवर भागत नाही. एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला दुर्बल घटकाला लागतो. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांना जातीचा दाखला पुरतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. लॉटरीत संधी वाढेल म्हणून एकाच मुलाचे दोन अर्ज भरले तर दोन्ही जातात.

सरकारला हे २५ टक्के नकोसेच झाले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचना काढून, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली. यादीत बहुतेक सरकारी आणि अनुदानित शाळाच उरल्या, म्हणून पालकांनी त्या फेरीकडे पाठ फिरवली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तर लॉटरीशिवायच प्रवेश मिळतो. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली.

खासगी शाळांची तक्रार मात्र अगदी खोटी नाही. माफ फीपोटी प्रत्येक मुलामागे सरकारने शाळेला द्यायचा परतावा वर्षाला १७,६७० रुपये, कोविडच्या काळात तर तो ८,००० वर आणला, आणि तोही वर्षानुवर्षं थकतो. पण ही थकबाकी शाळा आणि सरकार यांच्यातली. ती दाखवून तुमच्याकडे फी मागितली किंवा प्रवेश अडवला, तर तोंडी वाद घालू नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिका हद्दीत असाल तर तिथल्या शिक्षण विभागाकडे, लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.