दिवसातून एकदाच दिसणारा बिघाड

थंड इंजिनाचा बिघाड गॅरेजवाल्याला सर्वांत जास्त छळतो, कारण तो गॅरेजपर्यंत येतच नाही. मालकाच्या दारात पहाटे गाडी हिसके देते, पांढरा धूर सोडते, बंद पडते. पण तीच गाडी दहा किलोमीटर चालून माझ्यासमोर उभी राहते तेव्हा इंजिन तापलेले असते आणि तिच्यात काही खोट होती यावर मालकाचाही विश्वास बसत नाही. काटोलहून जलालखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे छोटे गॅरेज आहे. गेल्या डिसेंबरात आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी जोरात असताना एका बागायतदार काकाजींनी अशीच एक गाडी माझ्याकडे आणली. 2006 सालची डिझेल पिकअप, चार सिलिंडरचे इंजिन, नोझलांना डिझेल पुरवणारा रोटरी पंप, इलेक्ट्रॉनिक्सचा फारसा संबंध नाही. म्हणजे ज्या गाडीवर माझा हात डोळे मिटूनही चालावा, अशी.

तक्रार साधी होती. संध्याकाळी कॅरेट भरून ठेवायचे आणि पहाटे साडेचार-पाचला नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघायचे, हा त्यांचा हंगामातला रोजचा क्रम. निघताना गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू राहत नव्हती. कधी बंद पडायची, कधी दोन-तीन मिनिटे एका सिलिंडरने रुसल्यासारखी ठसकत राहायची आणि मग आपोआप सुधारायची. मी तेच केले जे या तक्रारीवर दहापैकी नऊ मिस्त्री करतात, म्हणजे गार सिलिंडर आतून तापवणारे हीटर प्लग बदलले. जुने प्लग तपासलेसुद्धा नाहीत, आणि हे मला पुढे नीट लक्षात ठेवावे लागले. माझ्या आधी कोणीतरी गाडी बंद पडू नये म्हणून स्लोचा स्क्रू आवळून रेस वाढवून ठेवली होती, त्यामुळे तापल्यावर इंजिन उगाच मिनिटाला अकराशे फेऱ्यांच्या आसपास फिरत होते. मी रेस पुन्हा आठशेवर आणली आणि खात्रीसाठी गाडी रात्रभर गॅरेजातच ठेवून घेतली. सकाळी सहाला पहिल्याच सेल्फला गाडी उठली आणि कुरकुर न करता चालत राहिली. मी बिल केले.

चौथ्या दिवशी काकाजी परत आले. रागावलेले नव्हते, पण थकलेले होते.

“तुमच्याकडे आली का शहानी होऊन जाते, अन् वावरात गेली का ठसकाले लागते. काहून होते बा असं?”

त्या वाक्यात अर्धे उत्तर होते, पण मला ते तेव्हा ऐकू आले नाही. मी डिझेलबद्दल, बॅटरीबद्दल, नोझलबद्दल विचारत राहिलो. पावसाळ्यात असे होत होते का, या प्रश्नावर त्यांनी ठाम नकार दिला, तेव्हा तर थंडीवरचा माझा संशय आणखी घट्ट झाला. शेवटी मीच म्हणालो की काकाजी, आज रात्री मी तुमच्या वावरात झोपायला येतो. रानडुकरांमुळे त्यांच्याकडे जागल होतीच. त्यात एका माणसाची भर पडली.

थंड इंजिन दिवसातून एकदाच थंड असते, हे सांगायला सोपे असले तरी काम करताना त्याची किंमत कळते. एकदा सेल्फ मारला की तुमची त्या दिवसाची परीक्षा संपली. मग कितीही पाने फिरवा, पुढची संधी दुसऱ्या पहाटे. म्हणून मी त्या पहाटे कशालाही हात न लावता फक्त ऐकायचे ठरवले. मोबाइल 9 अंश दाखवत होता. काकाजींनी नेहमीप्रमाणे चावी फिरवली, डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबले आणि सेल्फ मारला. गाडी ताबडतोब उठली. मनात मोजत होतो. आठ-दहा सेकंद ती अगदी स्वच्छ चालली. मग आवाज खाली बसला, चेसिस हलायला लागली, मागून पांढरा धूर निघाला, डोळे चुरचुरले आणि गाडी बंद पडली.

ती आठ-दहा सेकंदे माझ्यासाठी मोलाची होती. हीटर प्लग निकामी असेल तर इंजिन सुरुवातीलाच अडते. सेल्फ बराच वेळ फिरतो, एक सिलिंडर पेट घेतच नाही आणि धूर पहिल्या क्षणापासून दिसतो. आधी चांगली उठून नंतर ठसकणारी गाडी वेगळे काही सांगत असते. पंपाच्या पोटात जेवढे डिझेल शिल्लक होते तेवढ्यावर ती चालली आणि त्याच्यामागून पाइपातून हवा आली. आमच्या भाषेत गाडी ‘एअर घेत’ होती. कोमट इंजिनात थोडी हवा एक-दोन हिसक्यांत निघून जाते. पण गार सिलिंडरात अर्धवट फवारलेले डिझेल पेटत नाही, तसेच बाहेर पडते, आणि तोच तो डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर.

पण मग माझ्या गॅरेजात रात्रभर उभी राहूनही ती का ठसकली नव्हती? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला इंजिनापासून दूर जावे लागले. टॉर्च घेऊन डिझेलची टाकी पाहायला मी मागे गेलो आणि परत पुढे येताना पायांना चढ लागला. रस्ता वावरापेक्षा उंच, तिथून खाली बागेत जाणारा मातीचा उतार, आणि कॅरेट भरायला सोपे जावे म्हणून काकाजी गाडी रिव्हर्समध्ये त्या उतारावर घेत असत. नाक रस्त्याकडे वर, टाकी मागे खाली, त्यात भरलेल्या मालाने मागचे पाटे दबलेले. या गाडीला टाकीकडून डिझेल ढकलणारा वेगळा पंप नाही. रोटरी पंप स्वतःच फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो. वरच्या बाजूला कुठेही हवेला वाट मिळाली की पाइपातले डिझेल रात्रभरात टाकीकडे ओघळणार, हे उघड होते. पावसाळ्यात गाडी घरी सपाट अंगणात उभी असे. माझ्या गॅरेजचा कोबाही सपाट. थंडी आणि संत्र्याचा हंगाम एकाच वेळी येतात, म्हणून आम्ही सगळे थंडीला दोष देत बसलो होतो.

माल बाजारात जाणे भाग होते, त्यामुळे त्या दिवशी गाडी तशीच ठसकत कळमन्याला गेली. मी मात्र दुसऱ्या रात्री पुन्हा जागलीला. हा आग्रह काकाजींना जरा विचित्र वाटला असावा, पण काकूंनी भाकरी आणि ठेचा पाठवला होता, त्यामुळे माझी तक्रार नव्हती. पहाटे सेल्फ मारण्याआधी मी बॉनेट उघडले आणि डिझेल फिल्टरवरचा, हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा हातपंप दाबू लागलो. पाइप भरलेला असता तर तो चार-पाच दाबांत कडक व्हायला हवा होता. मी बावीसपर्यंत मोजले, तेव्हा कुठे हाताला जोर लागला. मग काकाजींना इशारा केला. गाडी उठली आणि तशीच चालत राहिली. मिनिटभर आम्ही दोघेही काही बोललो नाही. तिच्यात एकही सुटा भाग बदललेला नव्हता.

हवा नेमकी कुठून शिरते हे शोधणे त्यानंतर फारसे अवघड नव्हते. त्याच दुपारी बाजारातून परतलेली गाडी गॅरेजात घेतली, जादा डिझेल टाकीकडे परत नेणारी रिटर्नची नळी चिमटा लावून बंद केली, टाकीकडून येणारा पाइप सोडवून त्यात सायकलच्या पंपाने हलकीशी हवा भरली आणि फिल्टरच्या डोक्यावर साबणाचा फेस लावला. फिल्टरवरच्या हातपंपाच्या सीलपाशी बुडबुडे उठले, अगदी बारीक. बाहेर डिझेलचा एक थेंबही नव्हता, कारण चालू इंजिनात तिथे दाब नसतो, ओढ असते. अशी फट बाहेर गळत नाही, आत हवा घेते. त्यामुळेच माझ्यासह कोणाचीच नजर तिथे गेली नव्हती. पूर्ण हातपंप बदलायला चार प्लगांच्या निम्मीही किंमत पडली नाही. त्या रात्री मुद्दाम पुढची चाके दगडांवर चढवून गाडी गॅरेजातच उभी केली आणि सकाळी ती न ठसकता उठली, तेव्हाच काकाजींना चावी दिली.

बिलाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी सीटखालून एक प्लास्टिकचा डबा काढला. माझ्याच हातून बदललेले चार जुने हीटर प्लग त्यांनी टाकले नव्हते; कधी कामास येतील म्हणून जपून ठेवले होते. मी एकेक प्लग वाइसमध्ये धरून बॅटरीच्या तारा लावल्या. पहिल्याचे टोक काही सेकंदांत लाल झाले, मग दुसऱ्याचे, तिसऱ्याचे. चौथ्याच्या वेळी काकाजी माझ्याकडे पाहत नव्हते, बाहेर रस्त्याकडे पाहत होते, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. चौथाही लाल झाला. नव्या प्लगांचे पैसे मी परत केले. ते त्यांनी बरेच आढेवेढे घेऊन ठेवले आणि जुने चारही प्लग पुन्हा त्याच डब्यात घालून घेऊन गेले.