फोंटानाचं पाणी उतरताना : सप्टेंबरातले बास

सप्टेंबरात फोंटाना लेकवर बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायला जावं की नाही, याबद्दल तिथल्या बोट रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, कायम दोन मतं ऐकू येतात. एका गटाच्या मते या महिन्यात मासे पांगलेले असतात, त्यामुळे ऑक्टोबरचा गारवा पडेपर्यंत घरीच बसावं. दुसरा गट म्हणतो, मासे कुठेही गेलेले नसतात, फक्त रोज थोडेथोडे सरकत असतात. मी ऑगस्टच्या मध्यापासून त्यांच्या मागे लागलो आणि ऑक्टोबरपर्यंत लागूनच राहिलो. आता मी दुसऱ्या गटात आहे. कसा आलो ते सांगतो.

आधी जागा समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. उत्तर कॅरोलिनाच्या पश्चिम टोकाला, ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या पायथ्याशी लिटल टेनेसी नदी अडवून हा जलाशय झाला. युद्धकाळात अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांना वीज हवी होती, म्हणून टेनेसी व्हॅली अथॉरिटीनं १९४२ ते १९४४ मध्ये घाईनं धरण उभं केलं. त्याची उंची ४८० फूट. अमेरिकेच्या पूर्व भागात याहून उंच धरण नाही. डोंगराची घळ भरून केलेलं हे पाणी, त्यामुळे काठ असा सरळ खाली जातो की बोटीचं नाक खडकाला टेकलेलं असताना मागच्या टोकाखाली तीस-चाळीस फूट पाणी सापडू शकतं. पाणी स्वच्छ. गवत, शेवाळ, कमळं यांच्या आडोशानं मासे शोधायची सवय असलेला माणूस इथे पहिल्या दिवशी गोंधळतो.

त्यात सप्टेंबरात पाणी उतरू लागतं. हिवाळ्यातल्या पुरासाठी जागा ठेवायची म्हणून धरणातून पाणी सोडतात. साधारण पावसाच्या वर्षीही उन्हाळा आणि हिवाळा यांच्या पातळीत पन्नासहून जास्त फुटांचा फरक पडतो. गेल्या आठवड्यात ज्या आडव्या पडलेल्या झाडाखाली मासा लागला, ते झाड या आठवड्यात लाल मातीवर उघडं पडलेलं दिसतं. त्यामुळे काठावरच्या खुणा पाठ करण्यात काही अर्थ नाही, हे मला लवकर कळलं. जी जागा पाण्यात खोलवर उतरत जाते तीच टिकते. डोंगराची सोंड पाण्यात घुसते तो पॉइंट, जुन्या ओढ्याचं वळण, उतारावर मध्येच आलेली पायरी. पाणी दहा फूट खाली गेलं तरी पायरी तिथेच असते, मासा फक्त तिच्या वरच्या कडेवरून खालच्या कडेला जातो. पाणी उतरू लागलं की बास सपाट, उथळ भाग सोडून जवळच्या खोल कडेवर येतात.

ऑगस्टच्या अखेरीस पृष्ठभाग ८० अंश फॅरेनहाइटच्या आसपास होता. फूटफूट खुणा केलेल्या दोरीला थर्मामीटर बांधून मी तो खाली सोडत असे. भराभर वर ओढून आकडा वाचायचा, पुन्हा थोडा आणखी खाली सोडायचा. सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र) असताना हे कशाला, असं बोटीतला जोडीदार म्हणायचा. पण सोनारवरचं तापमान फक्त पृष्ठभागाचं असतं. उन्हाळाभर तापलेलं हलकं पाणी वर राहतं, थंड आणि जड पाणी तळाशी बसतं, आणि मधल्या थोड्या फुटांत तापमान झपकन कोसळतं. हाच थर्मोक्लाइन. सोनारची संवेदनशीलता वाढवली तर तो पडद्यावर अंधुक आडव्या पट्ट्यासारखा उमटतो. त्याच्या खालच्या पाण्यात उन्हाळा संपेपर्यंत प्राणवायू कमी होत जातो, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी बास सहसा त्या पट्ट्याच्या वर किंवा त्याला लागून राहतात. पॉइंटचा उतार जिथे या पट्ट्याला छेदतो, तिथे गळ सोडायचा. दुपारच्या मासेमारीचं माझं सगळं गणित एवढंच होतं.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा. सप्टेंबरात दोन दिवस मासा लागला नाही की रॅम्पवर कोणीतरी म्हणतंच, ‘टर्नओव्हर झाला.’ एवढ्या खोल जलाशयात पाणी सप्टेंबरात उलटंपालटं होत नाही. वरचं पाणी थंड होऊन खालच्या पाण्याइतकं जड व्हायला हवं, मगच वारा सगळं ढवळू शकतो, आणि त्याला शरद बराच सरावा लागतो. सप्टेंबरात होतं ते एवढंच, की थंड रात्रींनी वरचा थर गार होतो, जाड होतो आणि थर्मोक्लाइनला खाली ढकलतो. माशांना उभी हालचाल करायला जास्त जागा मिळते. त्यांना शोधणं यामुळेच अवघड होतं, आणि खरं सांगायचं तर रंजकही.

सकाळची वेळ वेगळीच. हवा गार, पाणी अजून कोमट, म्हणून धुकं पाण्यालाच चिकटून बसतं. बोट हळू न्यायची, दिवे लावून. काठावर सावरवूडची पानं इतर झाडांच्या आधी लाल होतात. ती दिसू लागली की कॅलेंडर बघायची गरज नसते. पूर्वेच्या डोंगरामुळे ऊन उशिरा पोचतं. सपाट प्रदेशातल्या तळ्यावर पृष्ठभागावरची मासेमारी ऊन वर आलं की संपते, इथे सावलीची कड सरकत सरकत मागे जाते आणि तिच्याबरोबर आपणही सरकायचं. पृष्ठभागावर डावी-उजवीकडे नागमोडी चालणारं हाडाच्या रंगाचं आमिष मी याच वेळात वापरलं. त्यासाठी फ्लुरोकार्बन लाइन (गळाच्या दोरीचा एक प्रकार) लावू नका. ती पाण्यात बुडते आणि आमिषाचं नाक खाली ओढते. साधी मोनो (एकपदरी नायलॉनची लाइन), किंवा ब्रेडला (विणलेल्या लाइनला) पुढे मोनोचा तुकडा, हे बरं.

पाणी उसळलं की लगेच झटका देण्याचा मोह होतो. माशाचं वजन रॉडवर जाणवेपर्यंत थांबायचं. हे लिहायला सोपं आहे.

ऊन पाण्यावर आलं की मी सात फुटी स्पिनिंग रॉड घ्यायचो. ६ ते ८ पौंड ताण सोसणारी फ्लुरोकार्बन लाइन, आणि ड्रॉप शॉट : टोकाला शिसं, त्याच्यावर फूट-दीड फुटावर गळ, गळाला नाकातून अडकवलेला छोटा प्लॅस्टिकचा किडा. शिसं तळावर टेकवायचं आणि लाइन जेमतेम सैल ठेवायची. फार हलवायचं नाही. स्वच्छ पाण्यात मासा जवळ येऊन निरखतो, जास्त नाचवलं तर परत फिरतो. जाड लाइनवर दिवसभर काही न लागलेल्या जागी बारीक लाइनवर मासे लागलेले मी पाहिले आहेत, तरी मोठ्या माशाच्या आशेनं लोक जाड लाइनच लावतात.

फोंटानात तीन जातींचे बास मिळतात आणि तिघांचे स्वभाव वेगळे. लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. तो खाडीच्या (ओढ्याच्या घळीत शिरलेल्या जलाशयाच्या फाट्याच्या) आतल्या टोकाला, बुडालेल्या लाकडांत आणि तरंगत्या घरांच्या सावलीत. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्यापुढे जात नाही, अंगावर उभे तपकिरी पट्टे. तो मुख्य जलाशयातल्या खडकाळ उतारांवर. स्पॉटेडच्या जिभेवर खरखरीत दातांचा ठिपका बोटाला लागतो; तो मोकळ्या पाण्यात शॅड या छोट्या माशांच्या थव्यांमागे पळत असतो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात या शॅडनीच सगळं चित्र बदललं. रात्री गार झाल्या तसे हे छोटे चंदेरी मासे मुख्य पाणी सोडून नोलँड, फॉर्नी अशा ओढ्यांच्या खाड्यांत शिरू लागले. मीही पॉइंट सोडून खाडीत गेलो. आधी तोंडाशी, मग मध्यावर, मग आत. कुठे थांबायचं हे सोनारपेक्षा पृष्ठभाग चांगलं सांगतो : शॅड टिचक्या मारताना दिसले, एखादा बगळा काठावर स्थिर उभा असला, की तिथे थांबायचं. रिकाम्या, सुंदर दिसणाऱ्या खाडीत एक तास घालवण्यापेक्षा पंधरा मिनिटांत बाहेर पडणं मला जास्त फळलं. वारा असेल तर तो ज्या काठावर आदळतो तिथे जायचं, बोट सांभाळताना शिव्या द्याव्या लागल्या तरी.

उत्तरेचा काठ म्हणजे राष्ट्रीय उद्यान. जुना रस्ता पाण्याखाली गेल्यामुळे हेझल क्रीकसारख्या जागी बहुतेक लोक बोटीनं पोचतात. जलाशयासाठी उत्तर कॅरोलिनाचं मासेमारी लायसन्स लागतं, वयाच्या १६व्या वर्षापासून, ऑनलाइन मिळतं. पण खाडी संपून ओढा सुरू झाला की उद्यानाचे नियम लागतात, आणि तिथे फक्त एकेरी गळाची कृत्रिम आमिषं चालतात. तीन टोकांचा गळ लावलेलं तेच आमिष घेऊन पुढे चालत गेलात, तर रेंजरशी गाठ.

खोल पाण्यातल्या माशांबद्दल माझं मत या मोसमात पक्कं झालं. तीस फुटांवरून बास भराभर वर आणला की दाब कमी होतो आणि त्याची हवेची पिशवी फुगते. सोडल्यावर तो कुशीवर तरंगत राहतो, खाली जाऊ शकत नाही. सुईनं हवा काढणारे लोक आहेत, वजन लावून खाली सोडणारेही आहेत, आणि दोन्ही नीट जमायला सराव लागतो. मी सोपा मार्ग धरला : सोडून द्यायचे असतील तर मासे साधारण पंचवीस फुटांच्या वरचेच पकडायचे. सोनारवर खाली माशांच्या कमानींची रांग दिसत असली तरी.

सोडण्याचा नियम मात्र सगळ्या जातींना सारखा लावू नये. या डोंगरांतल्या तळ्यांत लोकांनी बाहेरून आणून सोडलेला अलाबामा बास स्मॉलमाउथशी आणि स्पॉटेडशी संकर करतो, आणि जॉर्जियाच्या सीमेवरच्या चटूग जलाशयात स्मॉलमाउथची मासेमारी त्यानं जवळपास संपवली. दिसायला तो स्पॉटेडसारखाच. नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही. राज्याचं वन्यजीव खातं तो खाण्यासाठी घरी न्यायला सांगतं, आणि जिवंत मासा एका पाण्यातून दुसऱ्यात नेऊ नका असं बजावतं. मला हे पटतं. स्मॉलमाउथ सोडावा, शंकास्पद ‘स्पॉट’ मर्यादेत राहून तव्यावर न्यावा.

ऑक्टोबरात पृष्ठभाग साठीच्या घरात आला तेव्हा खोल पाण्याचे रॉड मी बोटीत नेणंच बंद केलं. खडकाळ काठांवर स्मॉलमाउथ भरदुपारीही जर्कबेटवर (झटके देऊन ओढायच्या माशाच्या आकाराच्या आमिषावर) येऊ लागले : दोन झटके, मग विराम, आणि मासा बहुतेक विरामातच घेतो. पाणी जितकं गार, विराम तितका लांबवायचा. तोवर पातळी इतकी उतरलेली असते की काही रॅम्पची काँक्रीटची पट्टी पाण्यापर्यंत पोचतच नाही. धरणाची रोजची पातळी अथॉरिटी ऑनलाइन देते; ट्रेलर जोडण्याआधी ती बघून घ्या, आणि आपला रॅम्प कोणत्या पातळीपर्यंत चालतो तेही.