चिंचोके, आगपेट्या आणि लिंबेटची विधानसभा

लिंबेट नावाचा देश कुठल्याही नकाशावर सापडणार नाही. तो आमच्या सांगलीतल्या गावभागातल्या घरी, 1998 च्या मे महिन्याच्या सुट्टीत, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जन्माला आला. मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ आठचा. लोकसभेच्या निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या, भिंतींवरचे पंजे आणि कमळं पुसलीही नव्हती. त्यामुळे देश काढला म्हटल्यावर राजा-राणीच्या आधी आम्हाला निवडणूक सुचली. 45 गावं, मधे एक डोंगर, तीन पक्ष: होडी, नारळ आणि मुंगूस. मतदार म्हणजे चिंचोके. प्रत्येक पक्षाची एक रिकामी आगपेटी, वर चित्र काढलेलं, आणि चिंचोके टाकायला गल्लीतली पोरं.

(वेगवेगळ्या पेट्यांची ही युक्ती आमची एकट्याची नव्हती, हे फार पुढे कळलं. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या देशातही दर उमेदवाराची वेगळी पेटी होती, तिच्यावर त्याचं चिन्ह. कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. 1957 लाही तसंच. शिक्का मारण्याची पद्धत त्यानंतरची.)

निकाल एका दोनशेपानी वहीत लिहिले जायचे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं आणि ही वही कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर आईने जे जे गच्चीवर वाळत घातलं त्यात तीही वाळली आणि पुन्हा कुठेतरी गेली. गेल्या दिवाळीत घराला रंग काढताना सापडली. पानं पापडासारखी झालेली, शाई बहुतेक धुऊन गेलेली. चार निवडणुकांचे निकाल मात्र वाचता येत होते, कारण ते बॉलपेनने लिहिले होते:

साल 1: होडी 44, मुंगूस 1.
साल 5: होडी 31, नारळ 12, मुंगूस 2.
साल 9: होडी 23, नारळ 20, मुंगूस 2.
साल 13: होडी 19, नारळ 18, मुंगूस 8.

फोटो काढून पुण्याला भावाला पाठवला. त्याचा लगेच फोन. "ताई, याचा पटावरचा खेळ करू. पण नीट. कुणाला किती मतं पडली ते पण पाहिजे." मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते, एक्सेल माझ्या हाताखालचं आहे. म्हटलं, एका रविवारचं काम. सहा रविवार गेले.

पहिला रविवार तर निव्वळ वाया. जागा माहीत, मतं माहीत नाहीत, तर मतं मशीनलाच पाडू दे म्हणून दर गावाला हजार मतं धरली आणि एक्सेलच्या रँडबिटवीन या वाटेल तो आकडा देणाऱ्या सूत्राने तिन्ही पक्षांत वाटून टाकली. दर वेळी निकाल 15-16-14 च्या आसपास. वीस वेळा बटण दाबलं, 44-1 काही येईना. सोमवारी दुकानात सौदे चालू असताना डोक्यात उजेड पडला. अमुक गावची हळद आली की ती सगळी एकाच अडत्याकडे उतरते, गावातल्या दोघांनी इकडे आणि तिघांनी तिकडे असं होत नाही. मतंही तशीच पडतात. आपल्याकडे त्याला शब्दच आहे, गठ्ठा मतदान. मग दर गावाला स्वभाव दिला. किनाऱ्यावरची गावं होडीकडे कललेली, बागायती गावं नारळाकडे, डोंगरातली दोन गावं मुंगसाची. त्या कलाच्या आसपास थोडी मतं वरखाली. आता कुठे निकाल माणसांनी दिल्यासारखे दिसू लागले.

तरी 44-1 बद्दल भाऊ म्हणत होता, "हे लहानपणीचं फेकणं आहे, काढून टाक." मलाही तसंच वाटत होतं. मग लेसोथो सापडलं. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला डोंगराळ देश. तिथे 80 जागांपैकी 79 एका पक्षाला मिळाल्या होत्या, आणि मतं होती साधारण 60 टक्के. म्हणजे शंभरातल्या चाळीस लोकांच्या वाट्याला एक आमदार. त्या निकालावरून निदर्शनं झाली, दक्षिण आफ्रिका आणि बोट्सवानाचं सैन्य आलं, राजधानी मसेरूत जाळपोळ झाली, आणि शेवटी 2002 ची निवडणूक नव्या पद्धतीने घेतली: 80 मतदारसंघ तसेच ठेवून पक्षांच्या एकूण मतांचा मेळ घालायला वरून 40 जागा. तारीख बघितली तर 23 मे 1998. आम्ही गावभागात चिंचोके मोजत होतो तोच महिना! 44-1 तसंच राहिलं.

पण साल 1 ला लिंबेटची घटना काय होती? वहीत फक्त "पंच निवडतात" एवढंच वाचता येत होतं. ते कुठून आलं असेल याचा विचार करताना आजोळ आठवलं. आईचं माहेर आटपाडी. आज ती सांगली जिल्ह्यात, पण आजीच्या लहानपणी औंध संस्थानात होती, आणि आजीच्या बोलण्यात "पंच" सारखे यायचे. औंध म्हणजे सातारा-सांगली-विजापूर भागात तुकड्या-तुकड्यांनी पसरलेलं 72 गावांचं चिमुकलं संस्थान. 1939 च्या जानेवारीत तिथल्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आपण होऊन सत्ता सोडली आणि प्रजेला स्वराज्याची घटना दिली. गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांची खटपट होती. गावाने पाच पंच निवडायचे, गावोगावच्या सरपंचांची तालुका समिती, आणि तालुक्यांतून वर विधिमंडळ.

ही उतरंड मी लिंबेटला लावून पाहिली आणि 44-1 आणखी सोपं झालं. गावात होडीला पाचातले तीन पंच मिळाले की सरपंच होडीचा. उरलेले दोन पंच, त्यांच्यामागचे लोक, पायरी चढताना खालीच राहतात. दर गावात निम्म्याहून थोडी जास्त मतं, आणि माथ्यावर जवळजवळ सगळं सभागृह. औंधमध्ये असं झालं असं मला मुळीच म्हणायचं नाही, तिथे पक्षांची झुंज हा मुद्दाच नव्हता. पण पक्ष असलेल्या देशात ही पायरी काय करते ते आकड्यांत लख्ख दिसलं.

साल 5 ला काही अडलं नाही. थेट निवडणूक, ज्याला जास्त मतं तो निवडून. होडीला 31 जागा आल्या, झालं.

साल 9 ने मात्र घाम काढला. 23 जागा मिळवून सरकार होडीचं, आणि माझ्या तक्त्यात मतं बघते तर नारळाला साडेबावीस हजार, होडीला साडेसतरा हजार. दोन रात्री सूत्र तपासलं. चूक नव्हती. होडीने 23 गावं अगदी काठावर जिंकली होती, हजारात 480 विरुद्ध 440. नारळाने 20 गावं सहा-सहाशे मतं घेऊन जिंकली. गरजेपेक्षा जास्त पडलेली ती मतं कुठेच कामाला येत नाहीत. भावाला सांगितलं तर म्हणे हे लोकांना पटणार नाही. त्याला न्यूझीलंड दाखवलं: 1978 आणि 1981, लागोपाठ दोन निवडणुकांत मजूर पक्षाला मतं जास्त आणि सरकार नॅशनल पक्षाचं. तिथल्या लोकांनी 1993 च्या सार्वमतात पद्धतच बदलून घेतली. मग लिंबेटच्या लोकांनीही साल 9 नंतर मोर्चा काढला असं आम्ही ठरवलं. वहीत मोर्च्याचं चित्र होतंच. ते गणपतीच्या मिरवणुकीचं असावं अशी मला शंका आहे, पण भावाने ऐकलं नाही.

आता साल 13. नवी पद्धत, मतांच्या प्रमाणात जागा. सहा जिल्हे, पाचांना 7-7 जागा आणि राजधानीच्या जिल्ह्याला 10. इथे मला वाटलं होतं की प्रमाण म्हणजे प्रमाण, त्रैराशिक मांडलं की झालं. पण 7 जागांत 46.7 टक्के बसवायचे कसे? सव्वातीन माणसं सभागृहात पाठवता येत नाहीत. अपूर्णांकाचं काय करायचं यावर लोकांनी आयुष्य घालवलंय. बेल्जियमच्या व्हिक्टर दोंट यांनी 1878 साली सांगितलं की दर पक्षाची मतं 1, 2, 3, 4 ने भागत जा आणि सगळ्यात मोठे भागाकार उचल. आंद्रे सेंत-लाग्यू या फ्रेंच गणितज्ञाने 1910 साली मांडलं की 1, 3, 5, 7 ने भाग. मला वाटलं, एवढ्याशाने काय फरक पडतो.

डोंगरपट्टा जिल्हा घ्या. 9,000 मतं, 7 जागा. होडी 4,200, नारळ 3,100, मुंगूस 1,700. दोंटच्या रीतीने होडीचे भागाकार 4,200, 2,100, 1,400, 1,050. नारळाचे 3,100, 1,550, 1,033. मुंगसाचे 1,700 आणि 850. वरचे सात उचलले की होडी 4, नारळ 2, मुंगूस 1. शेवटची जागा 1,050 ने घेतली, 1,033 हात चोळत बसला. आता तीच मतं, पण 1, 3, 5, 7 ने भागायची. होडी 4,200, 1,400, 840, 600. नारळ 3,100, 1,033, 620. मुंगूस 1,700, 567. वरचे सात: होडी 3, नारळ 3, मुंगूस 1. एकही मत इकडचं तिकडे नाही, आणि बहुमत गायब. मी कागदावर पुन्हा करून पाहिलं, कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. चहा गार झाला.

सगळ्या देशाचं दोंटने केलं तर 22-17-6 आलं, दुसऱ्या रीतीने 20-17-8. वहीत 19-18-8. म्हणजे सेंत-लाग्यूच, पण एका जागेने हुकलं. मग मी राजधानीतली दोनशे मतं होडीतून काढून नारळात टाकली. होय, घोटाळा केला. लिंबेटच्या निवडणूक आयोगाकडे तक्रार करायची तर आयोगही मीच आहे.

राजधानीच्या नगरपालिकेचं कोडं अण्णांनी सोडवलं, तेही जेवता जेवता. वहीत "नगरपालिका: नारळ 11 पैकी 11" असं होतं आणि मी प्रमाणाची नवी पद्धत लावून डोकं फोडत होते. अण्णांचा गावाकडे ऊस, कारखान्याचे जुने सभासद, किती निवडणुका बघितल्यात त्यांनी. म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं. पॅनेल असंल. जेवढ्या जागा तेवढी मतं हातात दिली की माणूस वरनं खाली एकाच चिन्हावर शिक्के मारत सुटतोय." "पण 40 टक्क्यांत सगळ्या जागा?" "तिसरं पॅनेल उभं करायचं. गुलाल आपलाच." करून पाहिलं. तीन हजार मतदार, 1,200, 1,100 आणि 700. प्रत्येकाने आपापल्या पॅनेलला अकराच्या अकरा मतं दिली की 1,200 वाल्यांचे अकराही पास. अण्णांनी ताटात हात धुतला आणि बातम्या लावल्या.

राहिला अध्यक्ष. साल 13 ला सभागृहाने अध्यक्ष निवडला, मुंगसाचा. अवघ्या 8 जागांचा पक्ष! मला वाटलं हे पसंतीक्रमाचं मतदान. ते मी स्वतः केलंय, 1 डिसेंबर 2020 ला पुणे पदवीधर मतदारसंघासाठी, ज्यात सातारा आणि सांगलीही येतात. केंद्रावर ठेवलेल्या जांभळ्या स्केचपेननेच 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. अक्षरात "एक" लिहिलंत की मत बाद. माझ्या पुढच्या बाईंनी बरोबरची खूण केली असणार, कारण त्या फार लवकर बाहेर आल्या. तर हिशेब असा की सगळ्यांची दुसरी पसंती मुंगूस असेल आणि तो त्यावर तरला असेल. राष्ट्रपतिपदाच्या 1969 च्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी पुढच्या पसंतीची मतं मोजल्यावरच निवडून आले होते. पण मांडायला घेतलं तर बसेना. 45 मतांत कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, 23. पहिल्या फेरीत 19, 18, 8. कोणीच कोट्यात नाही, मग सगळ्यात कमी मतांचा आधी बाद, म्हणजे मुंगूसच. दुसऱ्या पसंतीची कितीही मतं असोत, ती मोजेपर्यंत तो शर्यतीत हवा ना! एकच वाट उरली: नारळाने उमेदवारच दिला नाही. 18 आणि 8, 26. भाऊ म्हणाला, "म्हणजे आपण आठव्या आणि अकराव्या वर्षी आघाडी केली होती?" केली असणार. त्या सुट्टीत नारळ पक्ष माझा होता आणि मुंगूस शेजारच्या मुलीचा, आणि होडीवाला भाऊ सारखा चिंचोके लपवायचा.

साल 17 चं पान पूर्ण धुतलं गेलंय. एका कोपऱ्यात एवढंच राहिलं आहे: "फणसगावात बरोबरी. काजव्याने ठरवले." आपल्याकडे समान मतं पडली तर चिठ्ठी टाकतात, कायद्यातच आहे. 2017 च्या मुंबई महापालिकेत एक जागा अशीच ठरली, ग्रामपंचायतींत तर लहान पोराकडून चिठ्ठी उचलून घेतात. आम्ही बहुधा दोन आगपेट्यांच्या मधे काजवा सोडला होता.

तक्ता पूर्ण करून परवा रात्री भावाला पाठवला. साडेअकराला मेसेज आला: "फणसगावची फेरमोजणी पाहिजे." मी लिहिलं, काजवा कुठून आणू?