आमची वाटचाल : ओपन सोर्स मॅन्युअल कागदावर

ओपन सोर्स सॉफ्टवेअरची मॅन्युअल छापून, बांधून देणं एवढंच आमच्या छोट्या फर्मचं काम. पीडीएफ सगळ्यांना फुकट मिळते, तरी छापील प्रत मागणारे असतात. कुणाची यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली असते, कुणाला सर्व्हर बंद पडल्यावर स्क्रीन दुसऱ्याच कामाला लागते, कुणी विषय मुळापासून शिकायला बसलेलं असतं. ही माणसं पुस्तक शेजारी ठेवून त्यातलं बघून टाइप करतात. कादंबरीत एखादं अवतरणचिन्ह वाकडं छापलं गेलं तर कुणाचं काही अडत नाही. इथे कमांड चालत नाही. आमची कामाची पद्धत याच गोष्टीभोवती घडत गेली.

सुरुवातीला आम्ही प्रकल्पाने दिलेली पीडीएफ तशीच छापायचो. ती स्क्रीनसाठी बनवलेली असते. निळ्या अक्षरातला ‘येथे पाहा’ कागदावर मुका होतो, फिकट रंगातला कोड राखाडी होऊन वाचवत नाही आणि काळ्या पार्श्वभूमीचं टर्मिनलचं चित्र मागच्या पृष्ठावर उमटून दिसतं. त्यामुळे आता मूळ स्रोत घेऊन पीडीएफ आम्हीच तयार करतो. तो मॅन्युअल लिहिण्याच्या वेगवेगळ्या साधनांत असतो: ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची मॅन्युअल टेक्सइन्फोत असतात, पायथन या प्रोग्रामिंग भाषेची स्फिंक्समध्ये, पोस्टग्रेस या डेटाबेसची डॉकबुकमध्ये. स्फिंक्सला सांगून लिंकचे पत्ते तळटीपेत घेता येतात, पुस्तकातल्याच संदर्भापुढे पृष्ठक्रमांक आणता येतो आणि कोडसाठी ‘बीडब्ल्यू’ ही कृष्णधवल शैली लावता येते. टेक्सइन्फोत न मावणाऱ्या ओळीशेजारी समासात काळा ठोकळा उमटतो. स्रोतात ‘फायनलआउट’ ही सूचना लिहिली की ठोकळा जातो, पण ओळ बाहेरच राहते. म्हणून पहिलं प्रूफ ठोकळ्यांसकट काढायचं, त्या त्या जागी कोडचा टाइप लहान करायचा आणि फायनलआउट अगदी शेवटी घालायचं.

सर्वांत जास्त वेळ जातो तो कोडच्या अक्षरांवर. टेक्सइन्फो आणि स्फिंक्सची पानं जुळवणारी टेक् ही प्रणाली सरळ एकेरी अवतरणाचं गोल अवतरण करते आणि बॅकटिकचं (उलट्या तिरक्या एकेरी चिन्हाचं) उघडणारं अवतरण. शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करतो त्या प्रोग्राममध्ये, या दोन चिन्हांचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत: एकेरी अवतरणातला मजकूर जसाच्या तसा राहतो, बॅकटिकमधला मजकूर कमांड म्हणून चालवला जातो. स्फिंक्स वापरतं त्या लॅटेक्ससाठी (टेक्चंच एक रूप) ‘अपकोट’ हे पॅकेज आणि टेक्सइन्फोसाठी ‘कोडकोटअनडायरेक्टेड’ व ‘कोडकोटबॅकटिक’ या सूचना हा घोळ थांबवतात. दुसरा धोका दोन हायफनांचा. दोन हायफनांनी सुरू होणारा कमांडचा पर्याय लेखकाने कोड म्हणून न खुणावता साध्या वाक्यात लिहिला असेल, तर स्फिंक्सचं ‘स्मार्टकोट्स’ दोन हायफनांचा एक लांब डॅश करून टाकतं. वाचणारा एकच हायफन टाइप करतो. आम्ही स्मार्टकोट्स बंदच ठेवतो. शून्य आणि ओ, एक आणि एल वेगळे दिसतील असाच टाइप निवडायचा, हे ओघानं आलं.

पृष्ठ कुठे तुटतं यालाही अर्थ असतो. पायथनचा एखादा ब्लॉक मध्येच तुटला की पुढच्या पृष्ठावर इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) किती होता ते कळत नाही. दहा ओळींच्या आतला कोड आम्ही तुटू देत नाही, मग खाली मोकळी जागा राहिली तरी चालेल. लांब ओळ दुमडावी लागली तर दुमडल्याची खूण हवीच, आणि शब्द तोडणारा हायफन कोडमध्ये कधीही येता कामा नये. मेकफाइलमध्ये (प्रोग्राम बांधण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कमांडच्या आधी टॅब लागतो, स्पेस चालत नाहीत. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. मूळ मजकुरात हा फरक सांगितलेला आहे ना आणि तो त्याच पृष्ठावर आला आहे ना, हे आम्ही बघतो.

पुस्तकाचा आकारही कोडनेच ठरवला. मोनोस्पेस (सगळी अक्षरं सारख्याच रुंदीची) टाइपमध्ये अक्षराची रुंदी साधारण टाइपच्या आकाराच्या ०.६ पट धरली, तर ८० अक्षरांची ओळ ८ पॉइंटात सुमारे १३५ मिमी होते आणि ९ पॉइंटात १५२ मिमी. ए५ कागदाची पूर्ण रुंदीच १४८ मिमी, म्हणजे तिथे विषय संपला. बी५ची रुंदी १७६ मिमी. आतला समास २२, बाहेरचा १५ ठेवला तरी १३९ उरतात. आमची बहुतेक पुस्तकं म्हणूनच बी५ आहेत.

कागद ७० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर). त्याची जाडी अंदाजे ०.०९ मिमी, म्हणजे ६४० पृष्ठांचा कणा साधारण २९ मिमी. तरी कव्हर बनवण्याआधी त्याच गठ्ठ्यातल्या शंभर कागदांची जाडी मोजून घ्यावी. कणा दोन मिलिमीटरने चुकला की शीर्षक कडेवरून घसरतं. कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर हवी, नाहीतर पुस्तक उघडं राहत नाही आणि दमट हवेत कण्याजवळ लाटा येतात. साध्या हॉटमेल्ट गोंदाने बांधलेलं जाड पुस्तक सतत उलगडून ठेवलं की पानं सुटतात. पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंद महाग पडतो, पण संदर्भग्रंथाला तोच लावावा. पोस्टग्रेसचं मॅन्युअल ए४ वर तीन हजार पृष्ठांच्या आसपास जातं. ते खंडांत विभागतो, पृष्ठक्रमांक सलग ठेवतो आणि सूची प्रत्येक खंडात पूर्ण देतो.

आता परवाने. विकायला बहुतेक मुक्त परवान्यांची ना नाही, पण प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. पोस्टग्रेसच्या परवान्याला हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत असला की पुरे. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये ‘एनसी’ (व्यावसायिक वापराला मनाई) दिसलं तर लेखी परवानगीशिवाय ते काम आम्ही घेत नाही. जुन्या ओपन पब्लिकेशन लायसन्सचा पर्याय ‘बी’ निवडलेला असेल तर कागदी पुस्तक विकायला परवानगी लागते. ही ओळ शेवटच्या पृष्ठावर दडलेली असते. ग्नू एफडीएल या ग्नूच्या मॅन्युअलसाठीच्या परवान्यात शंभराहून अधिक प्रती छापल्या की ठरवून दिलेला कव्हरवरचा मजकूर मुखपृष्ठावर आणि मलपृष्ठावर घ्यावा लागतो, दोन्हीकडे प्रकाशक म्हणून आपलं नाव स्पष्ट हवं, आणि संपादन करता येईल अशी प्रत सोबत द्यावी लागते किंवा इंटरनेटवरचा तिचा पत्ता छापावा लागतो. तो पत्ता शेवटची प्रत वाटल्यानंतर किमान एक वर्ष चालू राहिला पाहिजे. आम्ही एका वेळी २५ प्रतीच काढतो, तरी हे सगळं पहिल्या प्रतीपासून पाळतो. लोगोचा वापर ट्रेडमार्कच्या नियमांत येतो, परवान्यात नाही. परवानगी नसेल तर कव्हरवर फक्त अक्षरं.

२५ प्रतींचं कारण आवृत्ती. पोस्टग्रेस आणि पायथन यांची नवी मोठी आवृत्ती दर वर्षी येते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षं आधार मिळतो. आवृत्तीचा आकडा आम्ही कण्यावर छापतो. आतल्या पृष्ठावर स्रोत घेतल्याची तारीख आणि गिटमधली (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतली) कमिटची, म्हणजे त्या नेमक्या नोंदीची, खूण असते. ग्राहकाने नुसतं नाव सांगितलं तर त्याच्याकडे चालू असलेली आवृत्ती विचारल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही.

मजकुरात चूक सापडली तर ती आम्ही आपल्या हाताने दुरुस्त करत नाही. एफडीएलखाली बदललेल्या प्रतीला वेगळं शीर्षक आणि इतिहासाच्या भागात नोंद लागते, आणि पुस्तक मूळ मॅन्युअलपासून दूर जाऊ लागतं. दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवतो, त्यांनी ती स्वीकारली की पुढच्या २५ प्रतींत ती आपोआप येते. तोवर त्या पृष्ठाचा क्रमांक आणि योग्य ओळ छापलेली चिठ्ठी प्रत्येक प्रतीत सुटी ठेवलेली असते.