कुत्र्याचं नाव समोर होतं आणि मी पान उलटलं

लंडन मोहिमेचा अपडेट (लंडनमधली रहस्यकथा वाचायची आणि खुनी आपणच आधी ओळखायचा, ती मोहीम). आधी रडून घेतो. ते ‘मिडनाइट रायट’ नावाचं पुस्तक सेकंडहँडमध्ये मिळालं म्हणून मागच्या वेळी उड्या मारत होतो ना, तर पार्सल फोडलं, पहिलं पान वाचलं आणि अरे हे तर ‘रिव्हर्स ऑफ लंडन’च की! बेन आरोनोविचचं २०११चं जादू आणि खुनांचं तेच पुस्तक, अमेरिकेत वेगळ्या नावाने काढलेलं. विकणाऱ्याने एक ओळ टाकली असती तर काय बिघडलं असतं.

असो, दोन कॉप्या झाल्याच आहेत तर एकीत पेन्सिल चालवू म्हणलं (स्टिकी नोट्स मला पटत नाहीत, चार दिवसांत गळतात आणि कुठला क्लू कुठल्या पानावरचा तेच कळत नाही) आणि तिथेच घबाड सापडलं.

पहिल्या वाचनात निम्म्यात पुस्तक बंद करून वहीत खुन्याचं नाव लिहिलं होतं, साफ चुकलं. तेव्हा तणतणलो होतो की एकदा जादू आली की लेखक काहीही खपवतो, वाचकाने ओळखायचं तरी कसं. शब्द मागे घेतो. पुढे स्पॉयलर आहे, न वाचलेल्यांनी दोन परिच्छेद सोडा.

मेलेल्या माणसाच्या कुत्र्याचं नाव टोबी. एवढंच. पंच अँड जुडी या इंग्लंडातल्या जुन्या बाहुल्यांच्या खेळात पंच ज्याच्याशी भांडतो तो कुत्रा टोबीच, मग पंच बाळाला फेकतो, बायकोला मारतो, पोलिसाला झोडतो, फाशी देणाऱ्यालाच फासावर चढवतो. खून त्याच वळणाने पडत जातात! आणि पहिला खून कुठे, तर कॉव्हेंट गार्डनला, रोजनिशीवाल्या सॅम्युअल पीप्सने १६६२मध्ये पंचचा खेळ पाहिला तिथेच. म्हणजे तिकडच्या पोराला सगळं समोर वाढून ठेवलेलं, मी मात्र गोड कुत्रा म्हणून पुढे गेलो. कोकणात दशावतारात संकासुर आला की त्याचं पुढे काय होणार हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तसंच हे.

मग १८२८मध्ये छापलेली पंचची संहिता नेटवर शोधून वाचली आणि पुस्तक परत घेतलं. आता प्रत्येक मुडद्याच्या आधी समास भरतोय, पेन्सिल झिजली. वहीत स्वतःला अर्धा मार्क द्यावा का? दुसऱ्या वाचनाचा आहे, पण मी देतोय.

ऑडिओबुकबद्दल विचारलं होतं कुणीतरी. कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ वाचतो झकास, पण क्लू शोधायला नको, आवाजात रमून टोबी पुन्हा निसटेल.

आता खरं तर पुस्तकातल्या थेम्सचा नकाशा काढणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं, पुढचं ‘मून ओव्हर सोहो’ आहे आणि त्यात प्रेतातून ‘बॉडी अँड सोल’ या जॅझ गाण्याची चाल ऐकू येते हे तर मागच्या कव्हरवरच छापलंय. मग यावेळी आधी गाणं, मग पुस्तक. नकाशा गेला उडत. सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्सचं १९३९चं रेकॉर्डिंग लावलं तर मूळ चाल सुरुवातीला जेमतेम येते, मग गडी स्वतःचंच वाजवत सुटतो. यावरून काय डोंबल ओळखणार, आता गायिका बिली हॉलिडेचं लावतो.