मोहोळ गेलं, मोडनिंब आलं

मी सोलापूरच्या एका हॉस्पिटलात नर्स, घर मोहोळला. आज तिसरी नाइट ड्युटी संपली आणि मी मोडनिंबला एका चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर बसून हे टाइप करतेय. मोडनिंबला माझं काही काम नाही, ना माहेर ना सासर ना कुणाचं लग्न. उतरायचं होतं मोहोळला, डोळा उघडला तर कंडक्टर समोर उभे, ताई तुमचं तिकीट मोहोळचं होतं की ओ. म्हटलं हो ओ मामा, डोळा लागला. पुढचं तिकीट काढलं आणि गप उतरले. चूक माझीच आहे, रोज चढतानाच सांगून ठेवते की मोहोळ आलं की हाक मारा, आज खिडकीची जागा मिळाल्याच्या आनंदात ते राहूनच गेलं.

आता उलटी गाडी येईपर्यंत वेळ आहे आणि झोप पार उडालीय, म्हणून लिहिते.

मोहोळ ते सोलापूर अंतर विचाराल तर पस्तीसेक किलोमीटर. लोक म्हणतात एवढंच होय, हायवे आहे की. पण हायवे मला घरातून उचलून वॉर्डात सोडत नाही ना. घरातून स्टँडवर, तिथं गाडीची वाट, मग लांबोटी, सावळेश्वरचा टोलनाका, कोंडी, केगाव, बाळे, पुणे नाक्याला उतरून शेअर रिक्षा, ती भरेपर्यंत हलणार नाही, आणि मग पुढं सात रस्त्याकडे. एका बाजूला दोन तास धरावेच लागतात. महिन्याला 26 ड्युट्या धरल्या तर जाऊन येऊन 104 तास. परवा रात्री चार्ट भरून झाल्यावर मी हा हिशोब केला आणि मग परत केला, कारण विश्वासच बसेना. सहा तासांच्या मॉर्निंग ड्युटीच्या मापानं मोजलं तर महिन्याला सतरा जादा ड्युट्या मी नुसत्या रस्त्यावर करते, बिनपगारी.

पैशाचं म्हणाल तर आता बरंय. आधी मासिक पास काढायचे, 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस फिरायचं. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हापासून पर्स जरा हलकी कमी होते. गर्दी वाढली हेही खरं, पण त्या गर्दीत भाजीवाल्या मावश्या, कॉलेजच्या पोरी, दवाखान्यात आईला घेऊन निघालेल्या लेकी असतात, त्यांना काय म्हणू मी. उभी राहते.

खरा त्रास अंतराचा नाहीच, तो पंधरा मिनिटांचा आहे. नाइट संपते सकाळी 8 ला, पण 8 ला मी सुटत नाही, रिलिव्हर, म्हणजे माझ्या जागी येणारी सिस्टर, आली की तिला ओव्हर द्यायचा असतो. बेडवार सगळे पेशंट सांगायचे, कुणाचं सलाइन कधी लावलं, कुणाचं युरिन किती, कुणाचे रिपोर्ट यायचेत, मग क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली, मग सामान मोजायचं. हे सगळं नीट झालं आणि पंधरा मिनिटं जरी लांबलं तरी माझी ठरलेली गाडी जाते, आणि पुढच्या गाडीत बसून घरी पोचायला तासभर उशीर. तोवर पोरगा शाळेत गेलेला असतो. नाइटच्या आठवड्यात तो मला झोपलेलीच बघतो आणि सासूबाईंना विचारतो, आई आज पण आलेली का?

माझी रिलिव्हर अक्कलकोटहून येते. सुरुवातीला मी तिच्यावर इतकी चिडायचे की काय सांगू. 8 म्हणजे 8, तुम्हाला कळत नाही का, असं एकदा सगळ्यांदेखत बोलले. ती काहीच बोलली नाही, साडी बदलून ड्रेस घालून सरळ ओव्हर घ्यायला उभी राहिली. मग एका पावसाळी दिवशी माझी ईव्हनिंग होती, 2 ची, आणि मी पोचले पावणेतीनला. समोर मॉर्निंगची सिस्टर पर्स खांद्याला लावून उभी, तिची बार्शीची गाडी गेलेली. तेव्हा लक्षात आलं की आमच्या वॉर्डात उशीर हा एकीचा नसतोच, अक्कलकोटला गाडी चुकली की मोहोळला पोरगं आईला न बघता शाळेत जातं. आणि रोटा लावणाऱ्यांना कुणाचं गाव कुठं ते माहितीय, तरी ड्युटी मात्र अशी लावतात जशा आम्ही सगळ्या जिन्याखालीच राहतो.

तेव्हापासून आम्ही दोघींनी एक सिस्टीम केलीय. ती फक्त गावाचं नाव टाकते व्हॉट्सॲपवर. "वळसंग". मी समजते की अजून वेळ आहे, सगळे चार्ट बघून घ्यावेत. "कुंभारी" आलं की क्रॅश कार्ट मोजायला घेते, ती दारात येईपर्यंत माझं निम्मं काम झालेलं असतं. मी पण असंच पाठवते, लांबोटी, केगाव. बाकी गप्पा नाहीत. आमचं चॅट बाहेरच्या कुणी बघितलं तर त्याला वाटेल या दोघी भूगोलाचा अभ्यास करतायत.

जाता येता काय करावं याचे सल्ले मात्र सगळे देतात. पुस्तक वाच, कोर्स कर, इंग्रजी सुधार. केलंय सगळं. स्टुडंट असताना याच रस्त्यावर फार्माकॉलॉजी पाठ केली, लांबोटीच्या चिवड्याच्या वासात डायजॉक्सिन या हृदयाच्या औषधाचे साइड इफेक्ट, आजही डायजॉक्सिन म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. आता जमत नाही. नाइटला पहाटे तीन ते पाच शरीर बंदच पडायला बघतं, तेव्हाचा चहा मी मुद्दाम टाळते कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात आणि मग घरी जाऊन पंख्याकडे बघत पडावं लागतं. सकाळी बाहेर पडताना काळा गॉगल, ऊन डोळ्यात गेलं की मेंदूला वाटतं दिवस उगवला. रिक्षावाले हसतात, काय मॅडम शूटिंग का. स्कूटी मोहोळच्या स्टँडपर्यंतच. पूर्वी थेट आणायचे, पण एकदा कोंडीजवळ डोळे उघडे असून मधला रस्ता मला आठवतच नव्हता. त्यानंतर नाही.

मे महिन्याबद्दल लिहीत नाही, 42 च्या वर पारा असताना दुपारी 2 ला सुटणं काय असतं ते सोलापूरकराला सांगायची गरज नाही.

एक दिवस मात्र उशीर झाला तरी चालतो मला. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी, अक्षता सोहळ्याला, ईव्हनिंग होती आणि रिक्षा पुढं जाईना. उतरले आणि चालत निघाले. नंदीध्वजांच्या मागं पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे यात्रेच्या पारंपरिक अंगरख्यातली, माणसंच माणसं आणि मधून मी, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, बाई तुमची बाराबंदी लई निराळी की. मी हसले आणि तशीच त्यांच्याबरोबर चौकापर्यंत गेले. पोचल्यावर ओव्हर देणारी सिस्टर पण चिडली नाही, तिला पण बाहेर बघायला जायचं होतं.

चहा संपला. मघाशी सवयीनं मी ग्रुपवर न टाकता तिलाच एक शब्द पाठवला, "मोडनिंब". तिचं उत्तर आत्ता आलं, ती आतापर्यंत बेड नंबर सहाशी असणार.

"मोहोळ कुठं सरकलं का गं?"

गाडी आली. पहिले कंडक्टरना सांगते.