अगोदरचा नंबर

खानापूर तालुक्यातील माझ्या सेवा केंद्रात नोव्हेंबर महिना पेन्शनधारकांचा असतो. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आमच्या भागात माजी सैनिक नसलेले गाव विरळाच, आणि हयातीचा दाखला तर दरवर्षी द्यावाच लागतो.

गेल्या नोव्हेंबरात भातकापणी अर्धवट टाकून एक हवालदार काका आले. वय पंच्याहत्तर. विळा आणि चिखल यांनी बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की यंत्र अंगठा स्वीकारेना. कागद पडताळताना मी त्यांचा लष्करी नंबर विचारला. त्यांनी तो खणखणीत आवाजात सांगितला, पण पुस्तिकेतील नंबरापेक्षा शेवटचा आकडा एकाने कमी होता. मी तसे म्हणताच ते थोडा वेळ गप्प राहिले.

"तो माझा न्हवं गा. माझ्या अगोदरचा."

भरतीच्या रांगेत त्यांच्या पुढे चंदगडकडचा एक मुलगा उभा होता, म्हणून दोघांचे नंबर लागोपाठ आले. पुढे दोघेही पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात या पलटणीने ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील जमालपूर शहराच्या दक्षिणेचा रस्ता अडवला. ९ डिसेंबरला आपल्या बाजूचे ब्रिगेडियर क्लेर यांनी शरणागतीसाठी पाठविलेल्या पत्राला पाकिस्तानी कमांडर सुलतान अहमद यांनी चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिले. १० डिसेंबरच्या रात्री ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीचे सैनिक शहरातून निसटण्यासाठी त्याच रस्त्याने आले आणि पलटणीच्या खंदकांवर आदळले. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. शेजारच्या खंदकातला मित्र तोपर्यंत राहिला नव्हता. त्या रात्रीबद्दल काका एवढेच बोलले, आणि मीही अधिक विचारले नाही.

परतीबद्दल मात्र ते सविस्तर बोलले. वाटेत बंगाली बायकांनी ओंजळी भरून चिरमुरे आणि गूळ दिला होता, "आपल्याकडचेच चिरमुरे, जरा जाडे." १९७२ मध्ये रजा मिळाली तेव्हा ते बेळगावला उतरले, पण खानापूरची गाडी धरली नाही, ट्रंक ओळखीच्या दुकानात ठेवून चंदगडकडे गेले. तार घरी केव्हाच पोहोचली होती. मित्राच्या आईने लढाईचे काहीच विचारले नाही. पोरगा त्या दिवशी जेवला होता का, एवढेच विचारले. काकांनी हो म्हटले. खरे तर त्या दिवशी कोणीच जेवले नव्हते. हे त्यांनी स्वतःच्या घरीसुद्धा आजवर सांगितले नव्हते.

शेवटी मी मोबाइलवरून चेहऱ्याची ओळख घेण्याचे ठरविले. त्यासाठी पापण्यांची उघडझाप करावी लागते. मात्र कॅमेरा समोर धरताच काका सावधानमध्ये ताठ उभे राहिले आणि पापणी न हलवता पाहत राहिले. "काका, डोळे मिटा," असे मला तीनदा म्हणावे लागले.

दाखला निघाल्यावर त्यांनी कागदावरील नंबर बोट ठेवून आकड्याआकड्याने वाचला, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला आणि भात भिजायच्या आत पोहोचायचे म्हणून लगबगीने निघाले.